माथेरानचा घोडा, तुमचं वजन आणि एक सोपं गणित

माथेरानचा प्लॅन ठरला, हॉटेल बुक झालं, मुलांनी नेरळच्या मिनी ट्रेनचे व्हिडिओ बघून घेतले. दस्तुरी नाक्यावर गाडी थांबते आणि पाठोपाठ आवाज येतो, ‘‘ताई, घोडा पाहिजे का? सगळे पॉइंट दाखवतो.’’ मुलं आनंदानं उड्या मारतात. घरातल्या सडपातळ मंडळींना पटापट घोडे मिळतात. मग नजर वळते ती थोड्या जाड, उंच किंवा धिप्पाड माणसाकडे. कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘काकूंना दोन घोडे लागतील!’’ सगळे हसतात, काकूही हसतात आणि मनातल्या मनात ठरवून टाकतात की, आपण आपलं चालत जावं.

या विनोदात कुणाचंच भलं नाही. काकूंचा दिवस खराब होतो आणि खरा प्रश्न हसण्यावारी जातो. तुमच्या वजनाला कोणता घोडा योग्य आहे, हे शांतपणे ठरवता येतं. त्यासाठी लाजायची गरज नाही आणि घोड्याच्या जिवावर उठायचीही गरज नाही. फक्त थोडी माहिती आणि एक छोटं गणित हाताशी हवं. आणि हो, हे गणित फक्त जाड माणसांसाठी नाही. सहा फूट उंचीचा, जिममध्ये जाणारा ८५ किलोचा तरुणही घोड्याच्या दृष्टीनं तितकाच जड असतो. घोड्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त भार कळतो.

घोड्यांच्या टापांवर चालणारं गाव

माथेरान रायगड जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. १८५० साली ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले आणि पुढे इथे थंड हवेचं ठिकाण वसलं. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे वर आली. ती उभारली आदमजी पीरभॉय कुटुंबातल्या अब्दुल हुसेन यांनी. २००३ साली माथेरान आणि आसपासचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला.

आजही पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तिथून बाजारपेठ साधारण अडीच-तीन किलोमीटर. चालत जा, अमन लॉजहून शटल ट्रेन पकडा किंवा घोड्यावर बसा. २०२२ च्या डिसेंबरपासून ई-रिक्षाही सुरू झाल्या, पण त्यांची संख्या मोजकी आहे. त्यामुळे तांबड्या मातीच्या रस्त्यावर घोड्यांच्या टापांचा आवाज अजूनही माथेरानची ओळख आहे. गॅसच्या सिलिंडरपासून सिमेंटच्या पोत्यांपर्यंत किती तरी सामान इथे जनावरांच्या पाठीवरून पोहोचत आलंय.

म्हणजे घोडा ही इथे नुसती करमणूक नाही. तो कित्येक कुटुंबांचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. घोड्याची पाठ बिघडली की तो काही दिवस, कधी काही महिने घरी बसतो. चंदी आणि चाऱ्याचा खर्च मात्र रोजचाच. त्यामुळे तुमच्या वजनाला योग्य घोडा निवडणं ही जनावरावर दया तर आहेच, पण ती घोडेवाल्याच्या संसाराचीही काळजी आहे.

२० टक्क्यांचं गणित

घोड्यानं किती वजन पेलावं, यासाठी जगभर एक ढोबळ नियम वापरतात. स्वार, त्याचे कपडे, बॅग आणि खोगीर, हे सगळं मिळून घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. अमेरिकेच्या घोडदळाच्या १९२० च्या सुमाराच्या नियमपुस्तकातही साधारण हाच आकडा दिला होता.

हा नुसता जुना अंदाज नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमधल्या संशोधकांनी आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून पाहिला. २५ आणि ३० टक्क्यांना घोड्यांची हृदयाची धडधड जास्त वाढली. ३० टक्क्यांना तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही स्नायू दुखत असल्याची लक्षणं दिसली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात चार वेगवेगळ्या वजनांचे स्वार त्याच सहा घोड्यांवर आळीपाळीनं बसले. जड स्वारांच्या फेऱ्या मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण बरेच घोडे तात्पुरते लंगडू लागले होते.

आता आपल्याकडच्या घोड्यांना हे गणित लावून बघा. खोगिराचं वजन आठ किलो धरू.

* २८० किलोचा डोंगरी तट्टू : २० टक्के म्हणजे ५६ किलो. खोगीर वजा केलं की स्वारासाठी उरतात ४८ किलो.
* ३८० किलोचा मारवाडी किंवा तशाच बांध्याचा घोडा : २० टक्के म्हणजे ७६ किलो. स्वारासाठी ६८ किलो.
* ५०० किलोचा मोठा घोडा : २० टक्के म्हणजे १०० किलो. स्वारासाठी ९२ किलो.

पहिली ओळ पुन्हा वाचा. छोट्या तट्टूवर ६० किलोची ‘बारीक’ वहिनीसुद्धा नियमाबाहेर जाते! म्हणजे स्टँडवर ज्यांच्यावर विनोद झाला त्या काकू काही एकट्याच नाहीत, हसणाऱ्यांपैकी निम्मे त्यांच्याच रांगेत आहेत. आणि हा आकडा साधारण सपाट रस्त्यासाठी धरायचा. चढ-उतार, दगड, चिखल, उन्हाळा किंवा अनुभव नसलेला स्वार असेल, तर मर्यादा आणखी खाली आणायला हवी. २० टक्के ही शेवटची रेघ आहे, तिथवर जायलाच हवं असं नाही.

आपल्याकडे १९६५ चे ओझी वाहणाऱ्या जनावरांबाबतचे केंद्र सरकारचे नियमही आहेत. त्यांत तट्टूच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो आणि खेचराच्या पाठीवर २०० किलो सामान लादता येईल, असं म्हटलंय. हे आकडे सामानाचे आहेत, स्वाराचे नाहीत. तरीही तट्टूला ७० किलोचं पोतं हीच मर्यादा असेल, तर ९० किलोचा माणूस तिथे कसा बसेल, याचा विचार करायला हरकत नाही. याच नियमांनुसार जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ जनावराला कामाला लावायचं नाही, हेही त्यात आहे.

घोड्याचं वजन कसं ओळखायचं?

स्टँडवर वजनकाटा नसतो. पण घोडा पाळणाऱ्यांना एक सोपी पद्धत वापरता येते. पुढच्या पायांच्या मागून, तंग बांधतात तिथे छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजायची. घेराला घेरानं गुणायचं, आलेल्या आकड्याला लांबीनं गुणायचं आणि ११,८८० नं भागायचं. उत्तर किलोत येतं. उदाहरणार्थ, घेर १५० आणि लांबी १३५ असेल, तर घोडा साधारण २५५ किलोचा.

तुम्ही फिरायला जाताना खिशात टेप ठेवणार नाही, हे मान्य. मग नजरेनं अंदाज घ्या. घोड्याच्या मानेचा शेवट होतो तिथे पाठीवर एक उंचवटा असतो. तो तुमच्या छातीपर्यंतच येत असेल तर ते लहान तट्टू आहे. खांद्याच्या वर, हनुवटीपर्यंत येत असेल तर घोडा मध्यम ते मोठा. साधारण १४७ सेंटीमीटरच्या आतल्या घोड्याला जगभर पोनी म्हणतात.

पण नुसती उंची बघून फसू नका. उंच, लांबलचक पायांचा आणि बारीक कमरेचा घोडा दिसायला रुबाबदार असतो, मात्र वजन पेलायला बसका, रुंद घोडा बरा. ओहायोच्या त्याच अभ्यासात दिसलं की, ज्यांची कंबर रुंद आणि पायांची हाडं जाड होती, त्या घोड्यांचे स्नायू कमी दुखले. म्हणून या गोष्टी बघा.

* पाठ : फार लांब नको, मध्ये खोलगट झालेली तर मुळीच नको.
* कंबर : खोगिराच्या मागचा भाग रुंद आणि भरलेला हवा.
* पाय : गुडघ्याखालची नळी जाडसर, पाय सरळ.
* खूर : शरीराच्या मानानं पुरेसे मोठे, नाल घट्ट बसलेली.
* वय : फार कोवळा घोडा नको, त्याची हाडं अजून भरत असतात. फार म्हाताराही नको.
* तब्येत : बरगड्या मोजता येत असतील, पुठ्ठ्याची हाडं वर आलेली असतील, तर त्या घोड्यावर कुणीच बसू नये.

गाभण घोडी किंवा सोबत शिंगरू असलेली घोडी दिसली, तर नम्रपणे दुसरा घोडा मागा.

खोगीर उचलून बघा

आपण ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी भरणा या अर्थानं वापरतो. घोड्याच्या बाबतीत मात्र खोगिरातली भरती फार मोलाची असते. खोगिराचं मुख्य काम स्वाराचं वजन पाठीवर पसरवणं. ते अरुंद असेल, मधली भरती चेपून गेली असेल, तर सगळा भार दोन-चार ठिकाणी टोचतो आणि तिथेच फोड उठतात. मणक्याच्या बरोबर वर खोगीर टेकायला नको, तिथे मोकळी फट हवी.

जाड किंवा उंच स्वाराच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. खोगीर लहान पडलं की माणूस मागे सरकून त्याच्या कडेवर बसतो आणि सगळं वजन घोड्याच्या कमरेवर येतं. इंग्लंडच्या अभ्यासातही ही गोष्ट लक्षात आली होती. म्हणून बसल्यावर तुमच्या मागे खोगिराची निदान चार बोटं जागा उरली पाहिजे. नसेल तर घोडा दणकट असला तरी ती जोडी जमलेली नाही.

बसण्याआधी घोडेवाल्याला सांगा, ‘‘दादा, जरा खोगिराखाली बघू द्या.’’ पाठीवर आणि तंगाखाली जखम, ओली जागा, केस गेलेली जागा दिसते का बघा. मग घोड्याला दहा पावलं चालवून दाखवायला सांगा. चालताना डोकं दर पावलाला वर-खाली झटकत असेल, तर कुठला तरी पाय दुखतोय. खोगिराला हात लावताच कान मागे पाडून चावायला येत असेल, तर दुखणं पाठीत आहे.

स्टँडवर कसं बोलायचं?

आपल्याकडे स्वतःचं वजन चारचौघांत सांगणं अवघड जातं. पण घोडेवाले रोज शेकडो माणसं बघतात. त्यांच्या अंदाजाला तुम्ही मदत केलीत तर त्यांनाही बरंच वाटतं. सरळ सांगा, ‘‘मामा, माझं वजन ८० आहे. तुमच्याकडचा दणकट आणि शांत घोडा कोणता? नसेल तर तसं सांगा, मी चालत येईन.’’

या शेवटच्या वाक्यात बरंच काही आहे. गिऱ्हाईक जाईल या भीतीनं घोडेवाला सहसा ‘नाही’ म्हणत नाही. तुम्ही त्याला नाही म्हणायची मोकळीक दिलीत की उत्तर खरं मिळतं. तो म्हणाला, ‘‘ताई, हा नको, माझ्या भावाचा मोठा आहे, थांबा,’’ तर समजा, योग्य माणूस भेटला. उलट ‘‘काही होत नाही, शंभर किलोवाले बसतात,’’ असं ऐकू आलं तर पुढच्या घोड्याकडे चला.

दर आधीच ठरवा, दरफलक बघा. किती वेळ, किती पॉइंट, परत कुठे सोडणार, हे बोलून घ्या. पैसे वाचवायला मूल आणि मोठा माणूस एकाच घोड्यावर बसवू नका. मुलाचे १५-२० किलो आपल्याला काहीच वाटत नाहीत, पण घोड्याच्या गणितात तेच सगळं बिघडवतात. खांद्यावरची भरलेली सॅकही हॉटेलवरच ठेवा.

बसताना आणि बसल्यावर

जमिनीवरून रिकिबीत पाय घालून लटकत चढलात, तर खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि घोड्याचा मणका पिरगळतो. त्यापेक्षा ओटा, पायरी किंवा मोठा दगड शोधा. घोडेवाल्याला पलीकडची रिकीब दाबून धरायला सांगा. डाव्या बाजूनं चढा आणि खोगिरावर धपकन न बसता हलकेच टेका. गुडघे दुखत असतील तर यानं तुमचाही त्रास वाचतो.

* दोन्ही बाजूंना सारखं वजन ठेवा, फोटोसाठी एकीकडे झुकून बसू नका.
* चढावर किंचित पुढे झुका, आधारासाठी आयाळ धरा, लगाम ओढू नका.
* उतारावर पाठ ताठ ठेवा. उतार तीव्र असेल तर सरळ उतरून चाला.
* घोडा पळवायचा हट्ट करू नका. चालीपेक्षा दौडीत पाठीवर बसणारा धक्का कितीतरी जास्त असतो.
* पॉइंटवर पोहोचलात की खाली उतरा. तुमचं आइस्क्रीम होईपर्यंत घोड्याचीही पाठ मोकळी राहू द्या.

सगळे पॉइंट घोड्यावरूनच बघायला हवेत असंही नाही. बाजारापासून शार्लोट लेकपर्यंतची झाडीतली वाट चालायलाच मजा येते. तिथून एको पॉइंट, लुईझा पॉइंट जवळ आहेत. पॅनोरमा पॉइंट मात्र उत्तरेच्या टोकाला, बराच लांब. सूर्योदयासाठी तिकडे जायचं असेल तर घोडा एकाच बाजूनं घ्या आणि परत चालत या. अर्धं अंतर म्हणजे घोड्याला अर्धाच भार.

घोडा नकोच असं ठरलं तर?

हेही एक चांगलं उत्तर आहे. ९०-९५ किलोच्या वर वजन असेल, तर थंड हवेच्या ठिकाणांवरच्या बहुतेक घोड्यांना तुम्ही जड आहात, हे स्पष्टच सांगायला हवं. हे फक्त माथेरानचं नाही. महाबळेश्वरचा वेण्णा लेक, पाचगणीचं टेबललँड, काश्मीरमधलं पहलगाम किंवा केदारनाथची वाट, सगळीकडे हेच गणित लागू होतं. केदारनाथसारख्या लांब आणि खड्या चढाला तर जास्तच.

पण घोडा नाकारला म्हणजे घोडेवाल्याचा रोजगार बुडालाच पाहिजे असं नाही. तुमच्या घरातल्या मुलांना घोड्यावर बसवा आणि तुम्ही शेजारून चाला. हॉटेलपर्यंतच्या बॅगा मर्यादेत बसवून घोड्यावर पाठवा. तासभर घोडेवाल्यालाच सोबत घ्या. कुठल्या वळणावर दरी दिसते, माकडं कुठे पिशव्या पळवतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. चालणं जमत नसेल तर शटल ट्रेन आहे आणि ई-रिक्षाची चौकशीही करता येते. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन बंद असते, अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी सुरू असते, हे लक्षात ठेवून बेत आखा.

घोडेस्वारीची हौस मनापासून असेल, तर तिच्यासाठी वेगळी जागा शोधा. मुंबई, पुणे, बेंगळुरू, दिल्ली, जयपूर अशा शहरांत घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्था आहेत. त्यांतल्या अनेकांकडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे असतात, त्यांचं वजन ४५० ते ५०० किलोपर्यंत जातं. मात्र त्यातला शांत स्वभावाचाच घोडा नवशिक्यासाठी मागा. फोन करताना पहिला प्रश्न विचारा, ‘‘तुमच्याकडे स्वाराच्या वजनाची मर्यादा किती?’’ आकडा सांगणारी संस्था भरवशाची. ‘‘कुणीही या,’’ म्हणणारीपासून चार हात लांब राहा. राजस्थानातल्या मारवाडी घोड्यांच्या सफारीला जातानाही हेच विचारा. परदेशी फिरायला गेलात तर काही ठिकाणी शायर, क्लाइड्सडेल, पर्शेरॉन अशा ७०० किलोच्या वर जाणाऱ्या जातींचे किंवा त्यांच्या संकराचे घोडे जड स्वारांसाठी ठेवलेले असतात. आपल्याकडे ते जवळपास दिसत नाहीत.

आपल्या भीमथडीच्या तट्टांनी एके काळी मराठा स्वारांना दख्खनभर फिरवलं, याचा आपल्याला अभिमान वाटतो. ती तट्टं लहान पण चिवट होती. तरी त्यांच्या पाठीवर फोड आले तर मोहीम अडकते, हे त्या स्वारांनाही माहीत होतं. घोड्याची पाठ राखणं हा शहाण्या स्वाराचा पहिला धडा तेव्हाही होता.

तेव्हा पुढच्या वेळी दस्तुरीवर उतरलात आणि कुणी दोन घोड्यांचा विनोद केला, तर हसून एवढंच विचारा, ‘‘तुझं वजन किती रे? अधिक खोगीर आठ किलो. आता गुणिले पाच कर आणि तेवढ्या किलोचा घोडा शोधून दाखव.’’ बघा, अख्खं कुटुंब गणितात गुंतेल आणि कदाचित सगळेच झाडीतून चालत बाजारात पोहोचतील.